शास्त्र उघडण्याआधी: बस्तीतले ग्रंथ कुणी वाचावेत आणि कुठून सुरू करावेत

निपाणी, चिकोडी, सदलगा, शेडबाळ किंवा बेळगाव शहर, कुठल्याही बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, गेलात तरी गाभाऱ्याच्या बाजूला ग्रंथांचं एक कपाट असतं. काचेमागे केशरी-पिवळ्या बासनात बांधलेली शास्त्रं. रोज दर्शनाला येणाऱ्यांपैकी बरेच जण त्याला लांबूनच हात जोडतात. "आपल्याला चालतं का?" हा प्रश्न मनात असतो, पण तो कुणाला विचारायचा हे कळत नाही. विचारलाच तर एक जण म्हणतो गृहस्थानं शास्त्राला हात लावू नये, दुसरा म्हणतो काहीही वाचा. दोघांचंही अर्धंच बरोबर आहे.

हा लेख प्रामुख्यानं दिगंबर परंपरेत पहिल्यांदाच स्वाध्याय (शास्त्रांचं नियमित वाचन-चिंतन) सुरू करणाऱ्या मराठी वाचकासाठी आहे. श्वेतांबर परंपरेचे नियम कुठे वेगळे पडतात ते पहिल्याच पायरीत सांगितलं आहे.

1. अधिकार कुणाला?

ऐकणं, वाचणं, सिद्धांतग्रंथाचं अध्ययन करणं आणि दुसऱ्याला समजावून सांगणं ही चार वेगवेगळी कामं आहेत आणि त्यांचे नियमही वेगळे आहेत. गोंधळ होतो तो चारही एकत्र धरल्यामुळे.

ऐकायला कुणालाही आडकाठी नाही. समवसरणाच्या, म्हणजे तीर्थंकरांच्या उपदेशसभेच्या, बारा सभांमध्ये पशुपक्ष्यांचीही एक सभा असते. म्हणून शास्त्रसभेत बसायला जात, लिंग, वय काही आड येत नाही. जैनेतर माणसानंही खुशाल बसावं. पादत्राणं आणि चामड्याच्या वस्तू बाहेर ठेवल्या आणि सभा संपेपर्यंत शांत बसलं की झालं.

श्रावकाचार, पुराणं, स्तोत्रं, द्रव्यसंग्रह, तत्त्वार्थसूत्र हे सगळं श्रावक-श्राविकांनी (जैन गृहस्थ स्त्री-पुरुषांनी) वाचायचंच आहे. त्यासाठी दीक्षा लागत नाही, कुणाची लेखी परवानगी लागत नाही.

अडतं ते सिद्धांतग्रंथांपाशी. वसुनंदी श्रावकाचार आणि आशाधरांचं सागारधर्मामृत, दोन्हींत देशविरत (अंशतः व्रतं घेतलेल्या) श्रावकाला सिद्धांत-रहस्याच्या अध्ययनाचा अधिकार नाही असं स्पष्ट म्हटलं आहे. "गृहस्थानं हात लावू नये" हे ऐकीव वाक्य इथूनच आलं, पण येता येता ते सगळ्याच ग्रंथांना चिकटलं. मूळ बंधन षट्खंडागमासारख्या सिद्धांतग्रंथांपुरतं आहे. आणि तिथेही व्यवहार एकसारखा राहिलेला नाही. षट्खंडागमाचं सार असलेल्या गोम्मटसारावर मोठी टीका लिहिणारे जयपूरचे पंडित टोडरमल गृहस्थच होते. धवला टीकेसह षट्खंडागमाचा पहिला भाग 1939 साली छापून आला आणि पुढे एकूण 16 भाग झाले. ते काम डॉ. हीरालाल जैन यांनी केलं, आपल्या सदलग्याचे डॉ. आ. ने. उपाध्ये यांचा त्यात हातभार होता. भोजच्या आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेनं तर हे ग्रंथ ताम्रपत्रांवर कोरले गेले. म्हणून नवख्यानं इतकंच लक्षात ठेवावं: सिद्धांतग्रंथ गुरूंना विचारल्याशिवाय उघडायचे नाहीत, आणि बाकीच्यांपासून दूर राहायचं नाही.

दुसऱ्याला सांगण्याची घाई करू नये. आपण काल वाचलेलं आज सभेत सांगायला बसलो की चूक आपल्यापुरती राहत नाही.

श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरेत आगमांचं (त्यांच्या मूळ शास्त्रांचं) वाचन साधूंचं काम आहे आणि त्यासाठी योगोद्वहन, म्हणजे तपासह ठरलेला विधी, करावा लागतो. व्यवहारसूत्रात तर दीक्षेला किती वर्षं झाली त्यावर ग्रंथ ठरवले आहेत: आचारप्रकल्प तीन वर्षांनी, सूत्रकृतांग चार, स्थानांग-समवायांग आठ, व्याख्याप्रज्ञप्ती दहा वर्षांनी. श्रावकानं ते गुरुमुखातून ऐकावेत. स्थानकवासी परंपरेत मात्र 32 आगमांचा अभ्यास श्रावकही करतात. शहरात गुजराती-मारवाडी श्वेतांबर शेजारी असतात आणि गप्पांमध्ये "आगम" हा एकच शब्द दोघं वेगवेगळ्या ग्रंथांसाठी वापरतात. वाद घालण्याआधी कोणत्या परंपरेचं बोलणं चाललंय ते विचारून घ्या.

2. कोणता ग्रंथ आधी?

सर्वात जास्त फसगत इथे होते. कुणीतरी समयसार भेट देतं, माणूस पहिलाच ग्रंथ म्हणून तो उघडतो आणि "आत्मा कर्माचा कर्ता नाही" एवढं वाचून अष्टमीचा उपवास, रात्रिभोजनत्याग, पूजा हे सगळं कमी प्रतीचं ठरवून मोकळा होतो. ग्रंथाचा यात दोष नाही. तो निश्चयनयानं, म्हणजे वस्तूच्या मूळ स्वरूपाच्या दृष्टीनं, बोलतो, आणि नय म्हणजे बघण्याची विशिष्ट दृष्टी हे वाचणाऱ्याला अजून कळलेलंच नसतं.

नवख्याला झेपेल असा क्रम असा:

- रत्नकरंडक श्रावकाचार, समंतभद्राचार्यांचा. 150 श्लोक. श्रावकानं काय करायचं ते सरळ सांगतो. प्रथमानुयोग, करणानुयोग, चरणानुयोग, द्रव्यानुयोग या चार अनुयोगांची (शास्त्रांच्या विभागांची) ओळखही यातच चार श्लोकांत आहे. आठवड्याला पाच श्लोक घेतले तर सात महिन्यांत होतो.
- त्याच्या जोडीला एखादं पुराण किंवा चरित्र. घरातल्या मुलांनाही वाचून दाखवता येतं.
- द्रव्यसंग्रह, नेमिचंद्राचार्यांचा. फक्त 58 गाथा. लहान दिसतो म्हणून दोन दिवसांत संपवू नका. तीन महिने द्या.
- तत्त्वार्थसूत्र. दिगंबर पाठात 10 अध्याय, 357 सूत्रं. अर्थासाठी सोबत पूज्यपादांची सर्वार्थसिद्धी.
- मग गोम्मटसार, तोही शिकवणारं कुणी असेल तरच. जीवकांडाच्याच सातशेहून जास्त गाथा आहेत आणि त्यातलं गणित एकट्यानं सुटत नाही.
- समयसार, प्रवचनसार यानंतर.

मराठी अनुवाद नक्की बघून घ्या. सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेनं बरेच ग्रंथ मराठीत आणले आहेत. आपल्या भागात कपाटातले निम्मे ग्रंथ कन्नडमध्ये आणि उरलेले हिंदीत असतात. हिंदी समजतं म्हणून हिंदीच घेतलं तर पारिभाषिक शब्दांचा अर्थ अंदाजानं लावला जातो. पहिले दोन ग्रंथ तरी मराठीतच वाचा.

3. काय काय लागतं?

कागदपत्रं कसलीच नाहीत. एक चौरंग किंवा लाकडी ग्रंथपीठ, ग्रंथ बांधायला सुती बासन, दोनशे पानी वही, पेन्सिल आणि बसायला स्वच्छ आसन. पुढे क्षुल्लक जिनेंद्र वर्णी यांचा जैनेंद्र सिद्धांत कोश जवळ असला तर शब्द अडत नाहीत. तो हिंदीत आहे आणि मोठा आहे. विकत घेण्याआधी बस्तीत किंवा पाठशाळेत आहे का ते पाहा.

बस्तीच्या ग्रंथात खुणा करू नका. ओळींखाली रेघा मारलेला ग्रंथ पुढचा माणूस तुमच्याच डोळ्यांनी वाचतो.

मोबाइलवरची पीडीएफ घरी अभ्यासाला चालेल. पण स्कॅन करून टंकित केलेल्या प्रतींत प्राकृतचे "ण" आणि "न" सर्रास बदललेले असतात, अनुस्वार गळालेले असतात. पाठांतर करायचं तर छापील प्रतीवरूनच करा.

4. वेळ आणि शुद्धी

मुनींच्या आचारावरच्या मूलाचार ग्रंथात याचा नियम नेमका दिला आहे. गणधर (तीर्थंकरांचे प्रमुख शिष्य), प्रत्येकबुद्ध, श्रुतकेवली आणि अभिन्नदशपूर्वी या प्राचीन ज्ञानी मुनींनी सांगितलेलं सूत्र अस्वाध्यायकाळात, म्हणजे वाचनाला वर्ज्य वेळी, वाचू नये, बाकीचे ग्रंथ वाचता येतात. म्हणजे रत्नकरंडक, स्तोत्रं, पुराणं यांना घड्याळाची अडचण नाही. सकाळी दुधाची धार काढून झाल्यावर अर्धा तास मिळत असेल तर तोच तुमचा वेळ.

सिद्धांतग्रंथांसाठी मात्र चार संधिकाळ वर्ज्य आहेत: सूर्योदय, मध्यान्ह, सूर्यास्त आणि मध्यरात्र. प्रत्येकाच्या आधी दोन घटिका आणि नंतर दोन घटिका. एक घटिका 24 मिनिटांची, म्हणून दोन्ही बाजूंना 48 मिनिटं. सूर्योदय साडेसहाचा असेल तर 5.42 ते 7.18 हा काळ सोडायचा.

मध्यान्ह काढताना बहुतेकांची चूक होते. घड्याळाचे बारा म्हणजे मध्यान्ह नव्हे. बेळगाव भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या आठ अंश पश्चिमेला असल्यामुळे इथे सूर्य माथ्यावर येतो तो साधारण साडेबाराच्या आसपास. त्या दिवसाचा सूर्योदय आणि सूर्यास्त पंचांगात बघा आणि दोन्हींचा बरोबर मध्य काढा. तो तुमचा मध्यान्ह.

ग्रहण, उल्कापात, जवळपास प्रेत किंवा रक्तमांस असणं अशा वेळीही सिद्धांतग्रंथ उघडत नाहीत. अष्टमीसारख्या पर्वतिथींनाही धवलेत त्यांचं अध्ययन वर्ज्य सांगितलं आहे. यामुळे "अष्टमीला स्वाध्याय बंद" असा गैरसमज पसरलेला दिसतो. अष्टमी-चतुर्दशीला श्रावकाचार, आराधना, स्तोत्रं जरूर वाचा. ते दिवस त्यासाठीच आहेत.

घरात सुवेर किंवा सुतक असेल, किंवा स्त्रियांचे अडचणीचे दिवस असतील, तर परंपरेनं ग्रंथाला हात लावत नाहीत. किती दिवस ते आपल्या बस्तीतल्या उपाध्यांना (पुजाऱ्यांना) किंवा घरातल्या मोठ्यांना विचारून ठरवा. णमोकाराचं मनातलं स्मरण आणि चिंतन मात्र कुठल्याच दिवशी बंद नसतं. पाठ केलेल्या गाथांचा अर्थ आठवत बसायला हे दिवस चांगलेच आहेत.

5. बसायचं कसं?

हातपाय धुऊन, स्वच्छ कपड्यांत. अंथरुणात, जेवताना, खुर्चीवर पाय हलवत शास्त्र वाचायचं नाही. ग्रंथ चौरंगावर, नाभीच्या खाली नाही. पान उलटताना बोटाला थुंकी लावायची नाही, ही सवय कळत नकळत होते म्हणून मुद्दाम सांगतो.

आधी नऊ वेळा णमोकार मंत्र. उच्चार "णमो" असाच, "नमो" नव्हे. पाच पदं, पस्तीस अक्षरं, एकही गाळायचं नाही. मग "ओंकारं बिंदुसंयुक्तं" पासूनचं मंगलाचरण. त्यात मूळ ग्रंथकर्ते सर्वज्ञदेव, उत्तर ग्रंथकर्ते गणधरदेव आणि मग हा ग्रंथ रचणारे आचार्य, असा क्रम येतो. आचार्यांच्या नावाची जागा रिकामी असते, तिथे तुम्ही वाचताय त्या ग्रंथाच्या आचार्यांचं नाव घ्यायचं. पुष्कळ जण वर्षानुवर्षं एकच नाव घेतात, मग समोर ग्रंथ कुठलाही असो. संपल्यावर जिनवाणी-स्तुती.

ज्ञानाचाराच्या, म्हणजे ज्ञान मिळवतानाच्या आचाराच्या, आठ अंगांतलं "उपधान" हे अंग आता फारसं कुणी पाळत नाही, पण नवख्याला त्याचा मोठा उपयोग होतो. ग्रंथ पूर्ण होईपर्यंत एखादा पदार्थ किंवा रस सोडायचा. गूळ सोडला असेल तर रोज चहाच्या वेळी द्रव्यसंग्रह आठवतोच.

6. एक गाथा, एक आठवडा

द्रव्यसंग्रहातली तिसरी गाथा घेऊन बघू:

तिक्काले चदुपाणा इंदियबलमाउआणपाणो य।
ववहारा सो जीवो णिच्छयणयदो दु चेदणा जस्स॥

पहिल्या दिवशी फक्त उच्चार. दहा वेळा, मोठ्यानं.

दुसऱ्या दिवशी शब्द सुटे करा. तिक्काले, तिन्ही काळी. चदुपाणा, चार प्राण. इंदिय, बल, आउ, आणपाणो: इंद्रिय, बल, आयू आणि श्वासोच्छ्वास. ववहारा, व्यवहारनयानं (रोजच्या व्यवहाराच्या दृष्टीनं) तो जीव. णिच्छयणयदो दु, निश्चयनयानं मात्र, चेदणा जस्स, ज्याला चेतना आहे तो.

तिसऱ्या दिवशी चाराचे दहा करा. पाच इंद्रियं, तीन बलं (मन, वचन, काय), आयू, श्वासोच्छ्वास. आता शिवारात बघा. ऊस एकेंद्रिय: स्पर्शनेंद्रिय, कायबल, आयू, श्वासोच्छ्वास, म्हणून चार प्राण. गांडूळ द्वींद्रिय: त्यात रसना आणि वचनबल वाढलं, सहा. मुंगी सात. माशी आठ. मन नसलेला पंचेंद्रिय नऊ. मन असलेला, म्हणजे तुम्ही, तुमची म्हैस, दहा. हे कोष्टक वहीत स्वतः काढा. पुस्तकातलं बघून उतरवलं तर दोन दिवसांत विसरतं.

चौथ्या दिवशी दुसऱ्या ओळीवर थांबा. मुक्त जीवाला इंद्रियं नाहीत, आयू नाही, श्वास नाही. मग तो जीव कसा? पहिली ओळ त्याला लागू पडत नाही, दुसरी पडते. एकाच गाथेत दोन नय कशासाठी आणले, ते इथे उमगतं. समयसाराची तयारी ती हीच.

उरलेल्या दिवसांत न बघता म्हणा, घरातल्या कुणाला तरी सांगून बघा, अडलेलं वहीत लिहा. वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय, धर्मोपदेश हे स्वाध्यायाचे पाच प्रकार तत्त्वार्थसूत्रात सांगितलेत. आठवडाभरात त्यांतले चार सहज घडतात. पाचवा पुढे केव्हातरी.

7. मराठी माणसाला फसवणारे शब्द

कन्नड किंवा हिंदी वाचकापेक्षा आपली पंचाईत जरा वेगळी आहे. शब्द ओळखीचे वाटतात, म्हणून कोशात बघायचं आपल्याला सुचतच नाही.

"द्रव्य" म्हणजे पैसा नव्हे. "धर्म" आणि "अधर्म" द्रव्यांच्या यादीत आले की पुण्य-पाप समजू नका. गतीला साहाय्य करणारं ते धर्मद्रव्य, स्थिर राहायला साहाय्य करणारं ते अधर्मद्रव्य. "प्रदेश" म्हणजे मुलूख नव्हे, आकाशाचा सर्वात सूक्ष्म अंश. "समय" काळाचा सर्वात सूक्ष्म अंश, पण समयसार या नावातला "समय" म्हणजे आत्मा. "स्कंध" म्हणजे खांदा नव्हे, परमाणूंचा समूह. "सागर" हे काळ मोजायचं एकक. "कषाय" म्हणजे काढा नव्हे. क्रोध, मान, माया, लोभ. "गोत्रकर्म" म्हणजे लग्न ठरवताना विचारतो ते गोत्र नव्हे.

"परोक्ष" तर हमखास पाडतो. डोळ्यांनी बघितलं ते प्रत्यक्ष, असं आपण रोज बोलतो. तत्त्वार्थसूत्र पहिल्याच अध्यायात सांगतं की पहिली दोन ज्ञानं, मती आणि श्रुत, परोक्ष आहेत. म्हणजे डोळ्यांनी बघितलेलंही परोक्ष, कारण ते इंद्रियांच्या मदतीनं झालं. आत्म्याला थेट होतं ते प्रत्यक्ष: अवधी, मनःपर्यय, केवल.

आणि दुसऱ्या अध्यायातलं "विग्रहगतौ कर्मयोगः". चांगली शिकलेली माणसंही इथे गीतेतला कर्मयोग आणतात. अर्थ अगदी वेगळा आहे: एक शरीर सुटून दुसऱ्याकडे जाताना जीवाला कार्मण शरीराचा (कर्मांच्या सूक्ष्म शरीराचा) योग असतो. इथला "योग" म्हणजे आत्मप्रदेशांचं स्पंदन, आसनं-प्राणायाम नव्हे.

वहीची शेवटची दहा पानं अशा शब्दांसाठी राखून ठेवा. डावीकडे रोजच्या मराठीतला अर्थ, उजवीकडे शास्त्रातला.

8. विचारायचं कुणाला, कसं?

चातुर्मासात बहुतेक तालुक्यांत कुठे ना कुठे संघ असतो. मुनी महाराजांना "नमोस्तु", आर्यिका माताजींना (साध्वींना) "वंदामि", मुनिपदाच्या खालच्या पायरीवरच्या क्षुल्लक-ऐलकांना "इच्छामि" म्हणायचं. भट्टारकांना (मठाधिपतींना) स्वामीजी म्हणायचं. कोल्हापूरचा लक्ष्मीसेन मठ आणि नांदणीचा जिनसेन मठ आपल्याला जवळ आहेत. कुंभोज बाहुबलीही दिवसात जाऊन येण्यासारखं आहे. एरवी बस्तीतले उपाध्ये, पाठशाळेत शिकवणाऱ्या काकी किंवा गावात नियमानं स्वाध्याय करणारे एखादे अण्णा. जाणकार माणूस बहुतेक गावात असतो, फक्त त्याला कुणी विचारत नाही.

आहाराला निघालेल्या किंवा सामायिकाच्या (ध्यानाच्या) वेळेतल्या महाराजांना थांबवू नका. प्रवचनानंतर शंकासमाधानाची वेळ असते. प्रश्न लिहून न्या, ग्रंथाचं नाव आणि गाथेचा क्रमांक घालून. "आत्मा म्हणजे काय?" असं विचारलं तर प्रवचन मिळेल. "तिसऱ्या गाथेत आधी चार प्राण आणि नंतर चेतना असं का?" विचारलं तर उत्तर मिळेल. ते कुणाकडून मिळालं ते वहीत लिहून ठेवा. गुरूचं नाव न लपवणं, अनिह्नव, हेही ज्ञानाचाराचंच एक अंग आहे.

दोघांनी वेगळी उत्तरं दिली तर एकाचं दुसऱ्याला जाऊन सांगू नका. दोन्ही लिहा आणि कोण कोणत्या नयानं बोललं ते शोधा. बहुतेक वेळा तिथेच सुटतं.

9. दशलक्षणात तत्त्वार्थसूत्र

दशलक्षण पर्वात, भाद्रपद शुद्ध पंचमीपासून चतुर्दशीपर्यंत, रोज एका अध्यायाचा अर्थ बस्तीत सांगतात. दहा दिवस, दहा अध्याय. नवख्याला याहून चांगली संधी वर्षात नाही. पण अध्याय सारखे नाहीत: दुसऱ्यात 53 सूत्रं, नवव्यात 47, दहाव्यात फक्त 9. आदल्या रात्री दुसऱ्या दिवसाचा अध्याय मराठी अर्थासह एकदा वाचून गेलात तरच सभेत काही हाती लागतं, विशेषतः प्रवचन कन्नडमध्ये असेल तेव्हा. संपूर्ण सूत्रपाठाला पाऊण तासाच्या आसपास लागतो. त्याचं फळ एका उपवासाइतकं सांगितलंय म्हणून पाठ भराभर उरकला जातो. सावकाश म्हणा.

10. ग्रंथ परत ठेवताना

बासन घट्ट आवळू नका, कडा मुडपतात. चारी टोकं आत घेऊन, नाडी दोनदा फिरवून, सुटणारी गाठ मारा. वर ग्रंथाच्या नावाची चिठ्ठी. पुढच्या माणसाला सगळी बासनं सोडून बघावी लागू नयेत.

ज्येष्ठ शुद्ध पंचमी ही श्रुतपंचमी. पुष्पदंत-भूतबली आचार्यांचा षट्खंडागम पूर्ण झाला त्याची ही तिथी. त्या दिवशी ग्रंथ बाहेर काढून, पुसून, नवी बासनं घालून पूजा होते. आपल्याकडे नेमका तेव्हाच पावसाचा तोंडावळा दिसायला लागतो, म्हणून वारं देण्याचं काम वैशाखातच उरका. कडक उन्हात ठेवू नका, कागद पिवळा पडून मोडतो. सावलीत, वाऱ्यावर, दोन तास पुरे. डांबरगोळ्या आणि फवारे टाळा. कसर आधी होऊ न देणं हाच त्यावर अहिंसक उपाय आहे. सुकवलेला कडुलिंबाचा पाला आणि वेखंडाचे तुकडे पातळ फडक्यात बांधून प्रत्येक खणात ठेवा, आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा कपाट उघडून हात फिरवून बघा. पुठ्ठा गार आणि मऊ लागला तर त्या खणातले ग्रंथ लगेच बाहेर काढा.